आठशेचा रोल

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांपासून सुरुवात केली नाही, तर मला पुढचं काहीच नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. माझ्याआधी आजोबा, बाबा, काका, सगळे उरणजवळच्या मिठागरात. मी आज अलिबागला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, शनिवारी रेवसहून तरीने करंजाला उतरून गावी जातो. ही नोकरी सरांमुळे आहे, आणि माझ्या खांद्याला जो जुना फिल्मचा कॅमेरा असतो तो तर त्यांचाच आहे.

सर घाटावरचे. बदली होऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी समुद्र पहिल्यांदा जवळून पाहिला असावा, पण समुद्राचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना वेड लागलं ते मिठागराचं. मी नववीत असताना एकदा वर्गात त्यांनी विचारलं, "मीठ पहाटे ओढतात म्हणे? कुणाच्या घरचं आहे?" मी हात वर केला. आयुष्यात काही हात योग्य वेळी वर जातात, त्यातला तो एक.

मीठ पहाटे ओढतात हे खरं. ऊन चढलं की पांढऱ्यावर नजर ठरत नाही आणि पायांच्या भेगांत खारं पाणी जास्त झोंबतं. त्यामुळे बाबा उजाडायच्या आधीच कोंडीत उतरत. कोंडी म्हणजे बांध घातलेला मिठाचा चौकोन. त्यातलं पाणी त्या वेळी नुसतं आकाश होऊन पडलेलं असतं, आधी निळं, मग जांभळट, मग क्षणभर गुलाबी. आणि त्या आकाशात गुडघ्याखाली बुडालेला माणूस लांब दांड्याचं लाकडी फावडं स्वतःकडे ओढत असतो. सरांना तो फोटो हवा होता. रंगीत.

सर आले ते कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन. बांधावरून त्यांनी खाली पाय टाकला आणि बाबा लांबून ओरडले.

"मास्तर, तुमी खुशाल या! ती घोडी बाहेर ठेवा!"

"अहो, हलकी आहे. अ‍ॅल्युमिनियमची आहे."

"हलकं-जड न्हाय ओ. टोक हाय तिला. ही जमीन पायानं बसवलीय मी. टोकानं फुटली का खालचा चिखल वर येतो, मीठ कालं पडतं."

हे सरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. पावसाळा संपला की कोंडीचं पाणी काढून तळ पायांनी तुडवतात. टाचेला टाच लावून, या बांधापासून त्या बांधापर्यंत, मग आडवं, मग पुन्हा उभं, कित्येक दिवस. शेवटी तो तळ लादीसारखा घट्ट होतो. मग त्यावर चप्पल चालत नाही, काठी चालत नाही, छत्रीसुद्धा टेकवायची नाही. आई भाकरी घेऊन यायची ती बांधावर थांबून हाक मारायची.

सरांनी बूट काढले, ट्रायपॉड बांधावर आडवा ठेवला आणि कॅमेरा हातात घेऊन खाली उतरले. त्यांनी त्या दिवशी काढलेले सगळे फोटो हललेले आले. बाबांना दोन तोंडं होती आणि फावड्याचा पंखा झाला होता. सरांनी त्यातला एक फ्रेम करून टेबलावर ठेवला. "तुझ्या वडिलांनी मला माझी लायकी दाखवली," असं म्हणून ते मोठ्याने हसायचे.

दहावीनंतर मला ट्रेलरवर क्लीनर म्हणून लावायचं ठरलं होतं. बंदर जवळ, गाड्या रोजच्या, गावातली बरीच मुलं तिकडेच. सर घरी आले. ओटीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि मला पुढे शिकू द्या म्हणाले. बाबांनी आपला कप खाली ठेवला.

"मास्तर, फोटू काढताना तुमचा हात हालतो, नि पोरगा तुमच्या हातात देऊ?"

"माझा हात नाही हो हलत. तुमचं फावडं हलतं."

"फावडं हालनारच. हाललं न्हाय तर खायाचं काय?"

दोघंही हसले, आणि त्या हसण्यात माझं ठरून गेलं. पुढे कॉलेजात नाव घालायला सर माझ्याबरोबर आले, वसतिगृहाच्या खोलीत माझी वळकटी त्यांनी स्वतः टाकली, मी पहिल्या वर्षी रडत परत आलो तेव्हा दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गाडीत बसवून दिलं. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

निवृत्त झाल्यावर सर मुलीकडे घाटावर राहायला गेले. जाताना कॅमेरा आणि ट्रायपॉड मला दिला. "एक फोटो राहिलाय," एवढंच म्हणाले. कुठला ते मला विचारावं लागलं नाही. पण नोकरी, लग्न, भाड्याचं घर यांत वर्षं गेली. ट्रायपॉड गावच्या माळ्यावर पडला, कॅमेरा कपाटात.

मग गेल्या दिवाळीत बाबा म्हणाले, "येवढाच हंगाम. मालकानं आगर भरावाला दिलं."

आगर आमचं कधीच नव्हतं. मालक मुंबईला, बाबा पिढीजात राबणारे. शेजारची आगरं आधीच मुरमाच्या भरावाखाली गेली होती, तिथे कंटेनर ठेवायचं यार्ड होणार होतं. आम्हाला कुणी विचारायचं कारणच नव्हतं. तरी शिकलेला म्हणून मी एक अर्ज केला. उत्तर आलं, त्यात विचारलं होतं, सदर जमिनीशी आपला संबंध काय. मी तो कागद हातात धरून ग्रंथालयात बसून राहिलो. संबंध काय हे कुठल्या शब्दांत लिहायचं ते मला खरंच सुचलं नाही. बाबांना मी एवढंच सांगितलं की वेळ लागेल. ते म्हणाले, "बरं."

माझ्या हातात राहिला तो सरांचा फोटो. निदान तो तरी काढायचा, असं मी ठरवलं.

फोनवर काढून पाहिले होते. पण फोन अंधाराला उजेड करून टाकतो. पहाटेच्या त्या निळ्याचं दुपारचं पांढरं होतं आणि बाबा एखाद्या जाहिरातीतल्या माणसासारखे दिसतात. त्यातला एक छापून सरांना पाठवला तर त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, "हे किती वाजताचं आहे?" सरांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं सगळं बोलणं पत्रांनीच चालतं.

फिल्मवर काढायचा तर रोल कुठला, हा प्रश्न होता. रोलवरचा आकडा जितका मोठा, तितका तो कमी उजेडात भागवतो, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा तितका कमी वेळ उघडा ठेवावा लागतो. पडदा जास्त वेळ उघडा राहिला की हाताची थरथर फोटोत उतरते. ट्रायपॉड असता तर कुठलाही रोल चालला असता. पण घोडी कोंडीत उतरणार नव्हती, आणि बांधावर लावावी तर बाबा खूप लांब पडत, शिवाय त्यांचं फावडं थोडंच माझ्यासाठी थांबणार होतं?

मुंबईतल्या एका जुन्या दुकानात रोल अजून मिळतात. काउंटरवरच्या वयस्कर माणसाने विचारलं, "कशाचे काढणार? लग्न?"

"मिठाचे."

"मीठ? अरे मग सगळ्यात हळू, लहान आकड्याचा रोल घेऊन जा ना. केवढं ऊन असतं तिकडे."

"सूर्य उगवायच्या आधी काढायचेत. हातात धरून. माणूस हलत असतो."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे उजेड नाही, स्टँड नाही, माणूस थांबत नाही. आणि मी काय करू?"

त्याच्याकडे त्या दिवशी दोनशेचाच होता. मी तोच घेतला. हंगामाचं पहिलं मीठ पडलं तेव्हा शनिवारी रात्री गावी गेलो आणि रविवारी पहाटे बाबांच्या मागे कोंडीत उतरलो. लेन्स पूर्ण उघडी, पडदा सेकंदाच्या तिसाव्या भागावर. श्वास धरून काढले. रोल धुऊन आला तर सरांचेच फोटो पुन्हा. दोन तोंडं, फावड्याचा पंखा. रंग मात्र सुंदर होते. सरांना एक प्रिंट पाठवली. उत्तर आलं, "परंपरा टिकवल्याबद्दल अभिनंदन. फास्ट रोल घे."

पुढच्या वेळी चारशेचा मिळाला. या वेळी मी जास्त शहाणपणा केला. सरांच्या उजेड मोजायच्या जुन्या मीटरने नीट मोजून पडदा ठरवला, हात स्थिर ठेवला. फोटो हललेले नव्हते. पण बाबा नव्हतेच त्यात. फावडं धरलेला एक काळपट आकार होता, त्यावर राखाडी, मातकट ठिपके, आणि भोवती मात्र पाणी झगझगीत. बाबांनी प्रिंट हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच."

"मी? नि ही वालू कुठली उडालीय फोटूत?"

आईने डोकावलं. "तुमीच हाव. कानावरनं कललं."

सरांनी त्या प्रिंटवर मोठं पत्र लिहिलं. अक्षर थरथरतं, पण सांगणं वर्गातल्यासारखंच. "तू पाणी मोजलंस. पाणी आकाशाचा उजेड घेऊन बसलेलं असतं, ते मीटरला फसवतं. वडिलांना मोज. त्यांच्या गालाजवळ हात धर आणि हातावरचा उजेड मोज. रंगीत निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी झाला तर माफ करत नाही. आणि आता आठशेचा घे. कण जाड दिसतील, दिसू देत. गुळगुळीत माणूस हवाय कुणाला?"

आठशेचा कुठेच नव्हता. दुकानदार म्हणाला, येईल, पण कधी ते नाही सांगता येत. मी दर आठवड्याला फोन करायचो. "आला का?" "नाही साहेब." चारशेचाच आठशेचा समजून काढा, आम्ही जास्त वेळ धुऊ, असंही तो म्हणाला, पण अंधारातला मातकटपणा त्याने वाढतो हे त्यानेच लगेच कबूल केलं. मी थांबायचं ठरवलं. हंगाम अजून बराच बाकी होता. मालकाने तसं सांगितलं होतं.

होळी झाली आणि भरावाच्या गाड्या ठरल्यापेक्षा आधी खाडीच्या तोंडाशी आल्या. आमच्या आगरात भरतीचं पाणी उघाडीतून येतं. बांधातला तो एक दरवाजा, उधाणाला उघडायचा आणि मग बंद करायचा. गाड्यांनी मुरूम टाकला तो उघाडीच्या पुढ्यात. पुढचं उधाण आलं आणि बाहेरच परत गेलं. मी मालकाला फोन केला, त्यांनी ठेकेदाराचं नाव सांगितलं. ठेकेदाराच्या माणसाने वरच्यांचं सांगितलं. वरचे कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी प्रत्येकाशी शुद्ध, नम्र मराठीत बोललो. शेवटी माझ्या लक्षात आलं की माझ्या शिक्षणाचा उपयोग मला फक्त चांगल्या भाषेत "ठीक आहे" म्हणण्यापुरता झाला.

कोंड्यांत जेवढं पाणी होतं तेवढ्याचं मीठ झालं. शेवटची रास बाबांनी आठवड्याच्या मधल्या वारी ओढली. मी अलिबागला होतो. त्याच आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. "साहेब, आठशेचा आला. दोन ठेवलेत तुमच्यासाठी."

शनिवारी रोल घेऊन मी गावी पोहोचलो. आई चुलीपाशी होती.

"मीठ संपलं ना?" मी विचारलं.

"संपलं."

"मग बाबा पहाटे उठणार नाहीत उद्या."

"रोज उठतात. रोज जातात." तिने भाकरी उलटली. "तुडवतात. मी काय बोलू त्यांना? तू बोल, तू शिकलेला."

 पहाटे त्यांच्यामागून गेलो. शेजारच्या नव्या यार्डाचे दिवे उंच खांबांवर जळत होते, इकडे पूर्वेला नुसतं निळं होतं. कोंडी कोरडी. कडेला भेगा पडायला लागलेल्या. बाबा अनवाणी खाली उतरले आणि टाचेला टाच लावून चालू लागले, जसे पावसाळ्यानंतर चालतात. या बांधापासून त्या बांधापर्यंत. पाणी येणार नाही हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मी बांधावर बसून रोल भरला. हातावर उजेड मोजला. आठशेच्या रोलने पडदा सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर जात होता, त्या उजेडात सरांना कधीच मिळाला नव्हता इतका. सगळं जुळलं होतं. फक्त फावडं बाबांच्या हातात नव्हतं.

बाबा माझ्याजवळ येऊन थांबले.

"मास्तरांची घोडी कुठं हाय?"

"माळ्यावर."

"आन."

"नको बाबा. हा रोल फास्ट आहे, हातात धरून येतं. त्याच्यासाठीच तर एवढे दिवस..."

"आन म्हनतो ना."

मी हललो नाही. बाबा स्वतः घराकडे गेले. परत आले तेव्हा ट्रायपॉड त्यांच्या खांद्यावर होता, फावडं असतं तसाच. बांध उतरून ते थेट कोंडीच्या मध्यावर गेले. पाय कसे उघडायचे ते त्यांना जमेना. खटका इकडून दाबला, तिकडून दाबला, एक पाय उघडला, दुसरा घसरला. मी हाक मारून सांगू शकलो असतो.  शेवटी तिन्ही उघडले. खालच्या रबराच्या टोप्या कधीच गळून गेल्या होत्या. बाबांनी ट्रायपॉड जमिनीवर ठेवला आणि वरून दोन्ही हातांनी दाबला. टोकं आत गेली.

"घे," ते म्हणाले. "लाव तुझा कॅमेरा. आता हालनार न्हाय."

ते घोडीला हात लावून माझी वाट पाहत उभे राहिले. मला खाली उतरता आलं नाही. चपला मी काढून ठेवल्या होत्या, पाय बांधाच्या कडेला होते. त्या कोंडीच्या तळात टोक घालायची परवानगी मला नको होती. मी उभ्या जागी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सूर्य वर येईपर्यंत जमेल तेवढे काढले.

रोल धुऊन आल्यावर मी सरांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय सरांना सा. न.

सोबत एक प्रिंट पाठवतो आहे. हललेली नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उजेड हातावर मोजला, थोडा जास्तच दिला. आठशेचे कण दिसतात, आई म्हणते अंगावर मीठ वाळल्यासारखं दिसतंय. बाबांच्या तोंडाची एक बाजू आकाशाने निळी आहे आणि दुसरी यार्डाच्या दिव्यांनी पिवळट. दुकानदार तो पिवळा रंग काढून देतो म्हणाला, मी राहू द्या म्हटलं.

तुम्ही मागितलेला फोटो हा नाही. तो आता निघणार नाही. पाणी बंद झालं आहे. मी खूप लोकांशी बोललो, पण काही झालं नाही. तुम्ही मला एवढं शिकवलंत आणि मला घरचं एक दार उघडं ठेवता आलं नाही, याचं वाईट वाटतं.

मागे जी घोडी आडवी पडलेली दिसते ती तुमचीच. बाबांनी स्वतः कोंडीत आणून उभी केली होती. मी तिच्यावर कॅमेरा लावला नाही. बराच वेळ वाट पाहून त्यांनी ती उपटून बाजूला ठेवली आणि तिच्या टोकांनी पडलेली भोकं टाचेने बुजवायला लागले. फोटो त्याच वेळचा आहे. त्यांचा पाय वर उचललेला आहे, टाचेला लागलेली माती सुटून खाली पडते आहे, आणि ती मातीसुद्धा हललेली नाही. दोनशेच्या रोलवर हे आलं नसतं.

भोकं पक्की बुजली आहेत. मी नंतर खाली उतरून हात लावून पाहिलं.

दुसरा रोल तसाच आहे. आईने फ्रिजमध्ये ठेवला आहे. कशाचे फोटो काढू ते कळवा, मला काही सुचत नाही.

बाबांना पत्र लिहितोय म्हटलं, तर म्हणाले, "मास्तरांना लिही, हात त्यांचा हालत नव्हता. माझंच फावडं हालत होतं. आता न्हाय हालत म्हनावं. आता या म्हनावं, नि काढा सावकाश."

आपला विद्यार्थी